आधी माती, मग बर्फ

चंद्रावर किंवा मंगळावर माणसाला महिनोन्‌महिने राहायचे असेल, तर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू पृथ्वीवरून वाहून नेणे परवडणार नाही, हे आता बहुतेकांना मान्य आहे. मतभेद उरतात ते पुढच्या प्रश्नांवर: तिथले काय आधी वापरायचे, किती घाईने वापरायचे आणि त्याचा निर्णय कोणी घ्यायचा. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या चर्चेच्या केंद्रस्थानी चंद्राच्या ध्रुवांवरचा बर्फ येऊन बसला आहे. तो खणून काढायचा, वितळवायचा, त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा करायचा आणि त्यावर याने उडवायची, अशी ही कल्पना आहे. ती इतक्या वेळा मांडली गेली आहे, की तो बर्फ जणू कोठारात भरून ठेवलेला असावा, असे ऐकणाऱ्याला वाटावे. स्थानिक संसाधनांच्या वापराचा मी समर्थक आहे, तरीही हा क्रम मला चुकीचा वाटतो. चंद्रावर सुरुवात मातीपासून व्हावी आणि बर्फाचे नीट मोजमाप होऊन त्याच्या वापराचे नियम ठरेपर्यंत इंधन म्हणून त्याला हात लावू नये, असे माझे म्हणणे आहे.

मुळात हा खटाटोप करावा का लागतो, ते कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की यांनी 1903 मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणात दडलेले आहे. अग्निबाणाला स्वतःचे इंधन स्वतःच उचलावे लागते, ते उचलण्यासाठी आणखी इंधन लागते आणि त्या वाढीव इंधनाचा भार पुन्हा त्याच्याच डोक्यावर पडतो. अपोलो मोहिमांचा सॅटर्न 5 हा अग्निबाण उड्डाणाच्या क्षणी सुमारे 2,900 टनांचा होता. त्यातले चंद्राच्या दिशेने रवाना झाले ते सुमारे 45 टन, आणि अखेरीस समुद्रात उतरली ती साडेपाच टनांच्या आसपासची एक कुपी. बाकी सारी शिदोरी होती, आणि तीही दोन माणसांना चंद्रावर जास्तीत जास्त तीन दिवस ठेवण्यापुरतीच. राहण्याचा काळ तीन दिवसांवरून तीनशे दिवसांवर न्यायचा म्हटले, की त्या शिदोरीतली कोणती वस्तू सर्वांत जड आहे, हे आधी पाहावे लागते.

ती वस्तू म्हणजे ऑक्सिजन. बोलताना आपण ‘इंधन’ असा एकच शब्द वापरतो, त्यामुळे ही गोष्ट झाकली जाते. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनात एक किलो हायड्रोजनमागे साधारण सहा किलो ऑक्सिजन खर्ची पडतो, तर मिथेनच्या इंजिनात एक किलो मिथेनमागे साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे टाकीतल्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून मोठा हिस्सा ऑक्सिजनचाच असतो. श्वासासाठी लागतो तो त्या मानाने किरकोळ, माणशी दिवसाला सुमारे 840 ग्रॅम. तेव्हा ऑक्सिजन जागच्या जागी मिळाला, तर हायड्रोजन किंवा मिथेन पृथ्वीवरून न्यावा लागला तरी ओझ्याचा मोठा भाग उतरतो.

आता चंद्राची माती पाहू. तिला माती म्हणणे ही भाषेची सोय आहे, कारण तिच्यात कुजलेले पान नाही की ओलावा नाही. अब्जावधी वर्षे उल्कांचा मारा सोसून भुगा झालेला तो खडक आहे. अपोलोच्या सहा मोहिमांनी 382 किलो नमुने आणले. त्यांच्या विश्लेषणातून दिसले, की या भुग्याच्या वजनाचा 40 टक्क्यांहून अधिक भाग ऑक्सिजनचा आहे. तो मोकळा नसतो. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह यांच्याशी घट्ट बांधलेला असतो. चंद्रावर कुठेही उतरलात तरी ही माती पायाखाली असते. तिच्यासाठी अंधाऱ्या विवरात उतरावे लागत नाही, आणि तिच्यावरून कोणाशी भांडावेही लागत नाही.

बांधलेला ऑक्सिजन सोडवणे अर्थातच फुकट होत नाही. इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजावर 900 ते 1,000 अंश सेल्सिअसला हायड्रोजन सोडला, की पाण्याची वाफ तयार होते. त्या पाण्याचे विद्युत अपघटन केले, म्हणजे वीज खेळवून ते फोडले, की ऑक्सिजन हाती लागतो आणि हायड्रोजन परत वापरता येतो. ही रीत सोपी खरी, पण इल्मेनाइट भरपूर आहे ते चंद्रावरच्या काळसर सपाट प्रदेशांत. ध्रुवांजवळच्या उंचवट्यांच्या मातीत ते कमी असल्याने तिथे या रीतीने फारसे काही पदरात पडणार नाही. दुसऱ्या रीतीत माती सुमारे 1,600 अंशांना वितळवून तिच्यातून थेट वीज खेळवतात, किंवा तशाच तापमानाला कार्बनच्या साहाय्याने ऑक्सिजन ओढून घेतात. या शेवटच्या प्रक्रियेची एक चाचणी नासाच्या जॉन्सन केंद्रात 2023 मध्ये निर्वात कक्षात, कृत्रिम चंद्रमाती लेसरने तापवून झाली. बर्फाचे पाणी करून ते फोडण्यापेक्षा मातीतून ऑक्सिजन काढायला ऊर्जा जास्त लागते, हे मी मान्य करतो. परंतु ही तुलना बहुधा पाणी हातात आल्यानंतरची असते. उणे 200 अंशांच्या काळोखात, जिथे सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत, तिथे यंत्र उतरवणे, त्याला वीज पोहोचवणे, काँक्रीटसारखी घट्ट झालेली गोठलेली माती फोडणे आणि ती वाफ होऊन उडून जाण्याआधी बंद भांड्यात भरणे, या साऱ्याचा खर्च त्या तुलनेत धरलेला नसतो. मातीच्या भट्टीला निदान ऊन मिळते. शिवाय ऑक्सिजन काढल्यावर मागे लोह, सिलिकॉन, ॲल्युमिनियम यांचा गाळ उरतो, आणि तोही पुढे कामाचा आहे.

बर्फाबद्दल खात्रीने काय माहीत आहे, हेही एकदा नीट पाहायला हवे. 2008 मध्ये निघालेल्या चांद्रयान-1 वरील वर्णपटमापकाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या (हायड्रोजन-ऑक्सिजनच्या जोडीच्या) खुणा टिपल्या आणि कोरड्या चंद्राची जुनी समजूत 2009 मध्ये मोडली. त्याच वर्षी 9 ऑक्टोबरला नासाच्या एलक्रॉस मोहिमेत अग्निबाणाचा रिकामा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात मुद्दाम आदळवण्यात आला. उडालेल्या धुरळ्याच्या निरीक्षणांवरून तिथल्या मातीत वजनाने सुमारे 5.6 टक्के पाणी असावे, असा निष्कर्ष निघाला. त्या आकड्यातली अनिश्चितता मात्र 2.9 टक्क्यांची होती. म्हणजे पाणी त्या आकड्याच्या निम्मेही असू शकते किंवा दीडपटही. चांद्रयान-1 वरील रडारच्या आधारे उत्तर ध्रुवाजवळच्या 40 हून अधिक लहान विवरांत किमान 60 कोटी टन बर्फ असावा, असा अंदाज 2010 मध्ये मांडला गेला. हा आकडा आजही वारंवार उद्धृत होतो; त्यामागे बर्फाचा थर निदान दोनेक मीटर जाड आहे असे गृहीत धरलेले होते, हे मात्र सोबत क्वचितच सांगितले जाते.

त्यानंतर प्रत्यक्ष जमिनीवरून झालेली तपासणी फार थोडी आहे. ऑगस्ट 2023 मध्ये चांद्रयान-3 उतरले ते सुमारे 69 अंश दक्षिण अक्षांशावर. तिथे त्याने मातीत गंधक असल्याची खात्री केली आणि पृष्ठभागाखालच्या काही सेंटिमीटरपर्यंतचे तापमान मोजले. पण ती जागा कायम सावलीतली नव्हती. मार्च 2025 मध्ये ध्रुवाजवळ बर्फ शोधण्यासाठी ड्रिल घेऊन गेलेले एक खासगी लँडर उतरताना आडवे पडले. ड्रिल हलते एवढे सिद्ध झाले, मातीला मात्र ते लागलेच नाही. बर्फाचा नकाशा करण्यासाठी बांधलेली नासाची व्हायपर ही गाडी 2024 मध्ये रद्द करण्यात आली आणि पुढच्या वर्षी तिला पुन्हा जीवदान मिळाले. कायम सावलीतल्या एकाही विवराच्या तळाशी अद्याप कोणाचेही यंत्र अलगद उतरलेले नाही. आडात पाणी किती आहे हे न पाहताच पोहरा कोणाचा, यावर बोलणी सुरू झाली आहेत. खनिज व्यवसायात साठ्याचा अंदाज आणि सिद्ध झालेला साठा यांत काटेकोर भेद करतात, आणि हा भेद न करता कोणी भांडवल मागितले तर त्याला दारातूनच परत पाठवतात. अंतराळाच्या चर्चेत तो भेद का विसरला जातो, हे मला समजलेले नाही.

समजा, बर्फ अपेक्षेइतका निघाला. तरीही तो जाळण्याआधी थांबण्याचे कारण उरते. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंशाने कललेला असल्याने ध्रुवांवरच्या काही विवरांत अब्जावधी वर्षे ऊन पडलेले नाही. धूमकेतू, लघुग्रह, सौरवारे आणि चंद्राच्या पोटातून निघालेले वायू यांनी आणलेले पाणी तिथे थरांवर थर साचत गेले असावे. पृथ्वीवर पाणी कुठून आले, या प्रश्नाचा काही पुरावा त्या थरांत असू शकतो. पृथ्वीवर तो पावसाने, वाऱ्याने आणि भूपट्टांच्या हालचालींनी पुसला गेला आहे. हे पाणी इंजिनात घातले, तर बाहेर पडणाऱ्या वाफेचा वेग सेकंदाला चार किलोमीटरच्या वर असतो, आणि चंद्राच्या ओढीतून सुटायला 2.4 किलोमीटर पुरतात. म्हणजे त्यातले बरेचसे पाणी कायमचे निघून जाते. उतरणाऱ्या यानांच्या धुरातली जी वाफ मागे राहते, ती पसरत जाऊन थंड विवरांत गोठू शकते आणि जुन्या नोंदीवर नवा लेप चढवू शकते. हायड्रोजनवर चालणारी याने वारंवार ये-जा करू लागली, तर मूळ काय आणि आपण सांडलेले काय, हे ओळखणे अवघड होत जाईल.

यावर एक आक्षेप हमखास येतो: माणसाला प्यायला पाणी नको का? हवे, पण त्यासाठी खाण काढावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सांडपाणी, घाम आणि लघवी यांतून पाणी परत मिळवण्याचे प्रमाण 2023 मध्ये 98 टक्क्यांवर पोहोचले. माणशी दिवसाला चार लिटर वापर धरला, तर चार जणांना वर्षाला सुमारे 5,840 लिटर पाणी लागते. त्यातले दोन टक्के गमावले, तर भर घालावी लागते ती 120 लिटरांच्या आतच. एवढे पाणी पृथ्वीवरून नेता येते. खाणीची मागणी तहानेतून आलेली नाही. ती इंधनाच्या बाजारातून आली आहे, आणि तिचा विचारही इंधनाचा बाजार म्हणूनच व्हायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुन्हा वापरता येणाऱ्या अग्निबाणांमुळे प्रक्षेपण स्वस्त होत आहे; ते पुरेसे स्वस्त झाले, तर चंद्रावर भट्ट्या उभारण्यापेक्षा सारे पृथ्वीवरून नेणेच शहाणपणाचे ठरणार नाही का? चंद्रापुरता हा आक्षेप मला निम्मा पटतो. हलक्या आणि गुंतागुंतीच्या वस्तू, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, औषधे, वैज्ञानिक उपकरणे, बराच काळ पृथ्वीवरूनच जाव्यात, आणि त्या तिथे बनवण्याच्या योजना निदान आज तरी कागदावरच राहाव्यात. तिथे बनवायचे ते जड आणि साधे. या कसोटीवर माती उत्तम उतरते, आणि तिचा पहिला उपयोग तर ऑक्सिजनहूनही साधा आहे.

नोव्हेंबर 1969 मध्ये अपोलो 12 हे यान अडीच वर्षांपूर्वी उतरलेल्या सर्व्हेयर 3 या मानवरहित यानापासून सुमारे 160 मीटरवर उतरले. अंतराळवीरांनी त्या जुन्या यानाचा कॅमेरा आणि काही भाग सोडवून परत आणले, तेव्हा त्यांच्या पृष्ठभागावर वाळूच्या फवाऱ्याने घासल्यासारख्या खुणा दिसल्या. उतरणाऱ्या इंजिनाने उडवलेल्या धुळीचा तो परिणाम होता. अपोलोचे अवतरणयान पंधरा टनांच्या आसपासचे होते. आता योजली जाणारी याने त्याच्या कित्येक पट जड आहेत. वस्तीशेजारी अशी याने वारंवार उतरणार असतील, तर मातीच भाजून, दाबून किंवा वितळवून केलेला पक्का तळ आणि त्याभोवती मातीचा बांध हे पहिले बांधकाम ठरावे. दुसरे काम छपरावर माती टाकण्याचे. चंद्राला वातावरण नाही आणि जागतिक चुंबकीय क्षेत्रही नाही, त्यामुळे किरणोत्सर्गापासून वाचायला निवाऱ्यावर दोन-तीन मीटर मातीचा थर हवा. एवढे वजन कोणताही स्वस्त अग्निबाण नेणार नाही. या दोन्ही कामांना रसायनशास्त्र फारसे लागत नाही, लागतो तो फावडा. कदाचित म्हणूनच त्यांची बातमी होत नाही.

मंगळाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे स्थानिक संसाधनांना पर्यायच दिसत नाही. पृथ्वीवरून मंगळाकडे निघण्याची संधी साधारण 26 महिन्यांनी येते. चार माणसांना मंगळाच्या पृष्ठभागावरून परत उडवायला सुमारे सात टन इंधन आणि 25 टन ऑक्सिजन लागेल, असा नासाचा हिशेब आहे. मंगळाची हवा फार विरळ असली, तरी तिच्यात 95 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि ती सर्वत्र आहे. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी या उपकरणाने ती हवा गाळून, दाबून, 800 अंशांना तापवून तिच्यातला ऑक्सिजन वेगळा केला. एप्रिल 2021 मध्ये पहिल्या खेपेला 5.4 ग्रॅम मिळाला. ऑगस्ट 2023 पर्यंतच्या 16 खेपांत एकूण 122 ग्रॅम. एका माणसाला साडेतीन तास पुरेल इतकाच हा साठा, पण दुसऱ्या ग्रहावर तिथल्याच द्रव्यापासून माणसाच्या उपयोगाची वस्तू बनवण्याची ती पहिली वेळ होती. तासाला जास्तीत जास्त 12 ग्रॅम देणाऱ्या या उपकरणाच्या जागी तासाला अडीच किलो देणारे यंत्र बसवले, तर 25 टनांना 10,000 तास, म्हणजे अखंड चालून सुमारे 14 महिने लागतील. त्यामुळे यंत्र एक खेप आधी पाठवायचे आणि परतीची टाकी भरल्याचा संदेश आल्याशिवाय माणसांनी पृथ्वी सोडायचीच नाही, असा नियम करता येतो. स्थानिक संसाधनांच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद मला माहीत नाही, आणि तो मुख्यतः सुरक्षिततेचा आहे, बचतीचा नंतर.

हा नियम मात्र यंत्रांच्या भरवशावर उभा आहे. 2008 मध्ये अंतराळ स्थानकावर लघवीचे पाणी करणारे यंत्र बसले. 85 टक्के पाणी परत मिळवण्यासाठी ते बांधलेले होते. वजनरहित अवस्थेत अंतराळवीरांच्या हाडांतून कॅल्शियम बाहेर पडते आणि लघवीत उतरते. त्या कॅल्शियमच्या क्षाराचे कण साचून यंत्र अडले आणि अपेक्षा खाली आणावी लागली. तिथे दुरुस्तीला माणसे होती, सुटे भाग काही महिन्यांत वर येत होते, तरी तिथून 98 टक्क्यांपर्यंत यायला जवळजवळ पंधरा वर्षे लागली. चंद्रावर चौदा दिवसांची रात्र आहे, आणि काचेच्या चुऱ्यासारखी धारदार धूळ आहे, जी अपोलोच्या अंतराळवीरांच्या पोशाखांच्या सांध्यांत घुसून बसली होती. तेव्हा मातीतून ऑक्सिजन काढणारे पहिले यंत्र निदान काही चांद्ररात्री कोणाच्याही मदतीशिवाय पार करून दाखवत नाही, तोवर एकाही माणसाचा श्वास त्याच्यावर सोपवू नये. मातीपासून सुरुवात करण्याचा हाही एक लाभ आहे: चुकण्याची किंमत कमी राहते, कारण वाया गेलेली माती पुन्हा मिळते.

राहिला हक्काचा प्रश्न. 1967 च्या बाह्य अंतराळ कराराचे दुसरे कलम सांगते, की चंद्रावर किंवा अन्य खगोलावर कोणत्याही राष्ट्राला सार्वभौमत्वाचा दावा करता येणार नाही. तिथून काढलेली वस्तू काढणाऱ्याच्या मालकीची होते का, याबद्दल तो करार गप्प आहे. अमेरिकेने 2015 मध्ये, लक्झेंबर्गने 2017 मध्ये आणि जपानने 2021 मध्ये आपापल्या कायद्यांनी त्या मौनाचा अर्थ ‘होते’ असा लावला. 1979 च्या चंद्र कराराने ही संसाधने मानवजातीचा सामाईक वारसा ठरवली होती, पण अंतराळात माणसे पाठवणाऱ्या एकाही मोठ्या देशाने तो अंगीकारला नाही; भारताने 1982 मध्ये त्यावर सही केली, अनुमोदन दिले नाही, आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारावर सही केली, ज्यात संसाधनांचा वापर आणि कामाभोवतीची सुरक्षा क्षेत्रे या दोन्ही गोष्टी मान्य केलेल्या आहेत. सुरक्षा क्षेत्र ही कल्पना वाजवी आहे. अपोलो 12 ने उडवलेल्या धुळीनेच तिची गरज दाखवून दिली. पण अगदी मोजक्या जागी असलेल्या वस्तूभोवती असे क्षेत्र आखले, की मालकी न सांगताही मालकीचा उपभोग घेता येतो. मातीबाबत हा धोका जवळजवळ नाही. बर्फाबाबत तो आहे, आणि बराच काळ ऊन मिळणाऱ्या ध्रुवीय कड्यांबाबतही आहे, हे कबूल करायला हवे. ऑक्सिजनची भट्टी त्याच कड्यावर थाटण्याचा मोह सर्वांनाच होणार. अणुऊर्जेवर चालणारे छोटे वीजसंच सोबत नेले, तर भट्टी ध्रुवापासून दूर, इल्मेनाइटच्या प्रदेशात नेता येते, आणि ही भांडणे काही अंशी टळतात.

संयुक्त राष्ट्रांच्या बाह्य अंतराळविषयक समितीचा एक कार्यगट सध्या या संसाधनांच्या वापराची तत्त्वे ठरवण्याच्या कामात आहे. दोन गोष्टी त्यात याव्यात असे मला वाटते. पहिली, बर्फाच्या प्रत्येक शोधमोहिमेने आपली मोजमापे ठरावीक मुदतीत सर्वांसाठी खुली करावीत, मग ती मोहीम सरकारी असो वा खासगी. दुसरी, कायम सावलीतल्या विवरांपैकी काही विवरे केवळ संशोधनासाठी राखून ठेवावीत आणि त्यांच्याजवळ यान उतरवायलाही बंदी असावी. यासाठी आजच्याइतकी अनुकूल वेळ पुन्हा येईल असे वाटत नाही. कोणत्या विवरात किती बर्फ आहे हे अजून कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे कोणते राखायचे हे ठरवताना कोणाच्याही हातून काही निसटत नाही. पहिले ड्रिल पहिल्या समृद्ध थरात उतरले, की त्या बैठकीत बसणाऱ्या प्रत्येकाला आपले विवर कोणते, हे माहीत झालेले असेल.